संघाच्या स्थापनेचं जेवण

लैखोंबीच्या सायकलची चेन त्या आठवड्यात तीनदा निसटली, आणि तिन्ही वेळा नेमकी पुलावर. पुलाच्या अलीकडे तिचे वडील ओजा आमुदोन राहत, पलीकडे ओजा मांगिजाओ. ओजा म्हणजे गुरुजी. तलवार आणि भाल्याची जुनी विद्या मुळापासून येणारी माणसं साऱ्या इंफाळ खोऱ्यात आता ही दोनच उरली होती, आणि दोघं एकोणीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. लैखोंबी हात काळे करून चेन चढवायची, हात गवताला पुसायची आणि पुन्हा पायडल मारायची. वय चौतीस, लग्न नाही, शिक्षण खात्यात कारकुनी. अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा काढून ती दोन हट्टी म्हाताऱ्यांमध्ये चकरा मारत होती आणि संघ स्थापन करत होती.

संघाचं खूळ तिच्या डोक्यात चार वर्षांपूर्वी शिरलं. ती लहान असताना वडिलांच्या अंगणात पहाटे चाळीस पोरं उभी असायची. आता तीन उरली होती, आणि त्यातल्या दोघांचा डोळा चौकातल्या कराटेच्या वर्गावर होता. कराटेवाला वर्षाच्या शेवटी शिक्क्याचा कागद द्यायचा आणि तो कागद पोलिसभरतीत चालायचा. तिच्या वडिलांकडे कागद नव्हता. त्यांचा शिष्य सहा वर्षं घाम गाळून घरी जायचा तेव्हा त्याच्या हातात फक्त घट्टे असायचे. शिक्का काय करू शकतो हे कचेरीत बारा वर्षं काढलेल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. तिने दिल्लीला पत्रांवर पत्रं लिहिली, आणि शेवटी उत्तर आलं: देशभरासाठी या विद्येचा एकच संघ हवा, सगळ्या जाणत्या गुरूंच्या त्यावर सह्या हव्यात, आणि कापणीनंतर आमचा निरीक्षक येईल त्या दिवशी त्या सह्या त्याच्यासमोर झाल्या पाहिजेत. यंदा जमलं नाही तर यादी बंद.

सगळे जाणते गुरू म्हणजे हे दोघं.

त्यांचं भांडण साऱ्या बाजाराला पाठ होतं. दोघं एकाच गुरूचे शिष्य. इंग्रजांनी हत्यारं काढून घेतली त्या काळात तो गुरू दारं लावून शिकवायचा, आणि आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घरातल्या बाया ओसरीवर भात कांडत बसायच्या. तो गुरू गेला तेव्हा तिरडीपुढे भाला घेऊन चालण्याचा मान कोणाचा, हे ठरायच्या आत मांगिजाओंनी भाला उचलला. त्या चालीतलं प्रत्येक पाऊल मोजून असतं, पाऊल चुकलं तर भूमीला बाधतं असं मानतात. आमुदोन मागून बघत होते. डावा पाय अर्ध्या श्वासाने आधी टेकला, असं त्यांचं म्हणणं. दोन महिन्यांनी नदीला पूर आला, आणि आमुदोननी भर मासळीबाजारात खणखणीत आवाजात जाहीर केलं, "हा पूर मांगिजाओच्या डाव्या पायातून निघालाय." बाजार आठवडाभर हसत होता. मांगिजाओंनी त्यानंतर पूल ओलांडला नाही.

त्यामुळे लैखोंबीने वडिलांपुढे विषय काढला तो जीव मुठीत धरूनच. ते अंगणात बसून बांबूची छडी तासत होते. वडिलांना ती पाबुंग म्हणायची.

"पाबुंग, ओजा मांगिजाओंना एकदा भेटा ना. कापणी झाली की."

पात्याचा आवाज थांबला. "कापणी झाली की?"

"हो. शाळेच्या पटांगणात. बसू, जेवू."

"एका चटईवर?"

"एकाच चटईवर," तिने ठासून सांगितलं. तिचा सगळा डावच तो होता. एकत्र जेवले की बोलतील, बोलले की सह्या करतील.

"आणि रांधणार कोण?"

"आपलं आपण नेऊ, त्यांचं ते आणतील. संघाला कुठे स्वयंपाकघर आहे?"

आमुदोननी छडीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्याला विचार. तो हो म्हणाला तर मी तयार आहे."

ती तडक पलीकडे गेली. मांगिजाओ गुडघाभर पाण्यात उभे राहून तळ्यातलं शेवाळ काढत होते. वडिलांचा गुरुभाऊ म्हणून लहानपणापासून ती त्यांना खुरा, म्हणजे काका म्हणायची, आणि भांडणानंतरही तिने ते सोडलं नव्हतं. तिचं बोलणं ऐकून ते पाण्याबाहेर आले.

"आमुदोन स्वतः तयार आहे?"

"हो खुरा, स्वतः."

"सांग त्याला, मी येतो." मग तिच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत ते म्हणाले, "मोठी झालीस गं तू."

लैखोंबी परतताना पुलावर चेन निसटली तरी गाणं म्हणत होती. इतकं सहज कसं जमलं हा प्रश्न तिच्या मनात डोकावला, पण तिने त्याला आत घेतलं नाही. त्या दिवसापासून तिला स्वस्थता अशी नव्हतीच. संघाचे उद्देश टाइप करायचे, फाडायचे, पुन्हा टाइप करायचे. विद्या जपणे. सगळीकडे एकाच पद्धतीने शिकवणे. जाणत्या शिक्षकांची यादी ठेवणे. शिष्यांना प्रमाणपत्र देणे. यादीत तिने लिहिलं: एक, ओजा आमुदोन. दोन, ओजा मांगिजाओ. ती दोन नावं एकाखाली एक बघून तिला भरून आलं.

निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी ती बायांच्या बाजारात केळीची पानं घ्यायला गेली. तिथे मांगिजाओंची बायको तांफा सुकी मासळी विकायची. तांफाने तिचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"ये गं शहाणे, बस इथं. एकोणीस वर्षं मी माझ्या नवऱ्याला धरून ठेवलं. आणि तू सायकलवर टिंग टिंग करत येऊन त्याला मरायला बोलावलंस?"

"इमा, मी जेवायला बोलावलंय." इमा म्हणजे आई.

"कापणी झाल्यावर. एका चटईवर. दोन घरचं अन्न. याला काय म्हणतात? तुझ्या बापानं तुला गोष्टी नाही सांगितल्या?"

सांगितल्या होत्या. शंभरदा सांगितल्या होत्या, आणि तिथेच बाजारात, सुक्या मासळीच्या वासात, त्या सगळ्या लैखोंबीच्या अंगावर कोसळल्या. राजांच्या काळात दोन वीरांचं वैर मिटायचं नसलं की त्यांचं द्वंद्व ठरायचं, आणि ते असंच ठरायचं. आधी कापणी होऊ द्यायची, म्हणजे मरणाऱ्याच्या घरात धान्य असेल. दोन्ही घरच्या बायांनी अन्न रांधून आणायचं. दोघांनी एका चटईवर बसून, हसत बोलत, पोटभर जेवायचं. हात धुतले की तलवारी उचलायच्या. खोऱ्यातल्या शेंबड्या पोराला हे माहीत होतं. पण लैखोंबीच्या डोक्यात बैठक होती, मग भोजन, मग सह्या. कचेरीने तिची अशी वाट लावली होती.

"खुरा काय करताहेत?" तिने विचारलं.

"काय करणार? तलवारीला तेल लावलं. केस कापले. छप्पर दोन वर्षं गळत होतं, ते चार दिवसांत शाकारलं. काल मला तळ्याचा बांध दाखवत होता, आपला कुठपर्यंत आणि शेजाऱ्याचा कुठपर्यंत. आता मला तळ्याचा बांध कशाला कळायला हवा, सांग!"

वडिलांनीही केस कापले होते. कणगी काठोकाठ भरली होती. आणि कालच म्हणाले होते, त्या दिवशी तुझी आई करायची तसा मासा कर.

"कोणी माघार घेतली तर?"

तांफा खिन्न हसली. "नियम आहे ना. जो सगळ्यांसमोर म्हणेल की मला भीती वाटते, त्याच्यावर हात उचलायचा नाही. पण मग त्यानं पुन्हा कोणाला शिकवायचं नाही. ओजा म्हणवून घ्यायचं नाही. असं म्हटलेला माणूस माझ्या सासऱ्यानंसुद्धा पाहिला नव्हता." मग ती मासळीवरच्या माश्या हाकलत म्हणाली, "दुसरा नियम बरा आहे. जेवण चालू असेतो कोणी हत्याराला शिवत नाही. मोठं भांडं आण. मी पण आणते. बघू किती खातात."

घरी आल्या आल्या ती वडिलांवर तुटून पडली. "मला माहीत नव्हतं! मी बैठक बोलावली होती, बैठक!"

"तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे," आमुदोन शांतपणे म्हणाले.

"मग नाही म्हणायचं होतं!"

"मी नाही म्हणू? आणि त्यानं ते पलीकडे बसून ऐकावं?"

"पाबुंग, तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात."

"तो सदुसष्टचा. म्हणजे पहिला वार मोठ्याचा, माझा. नीट झाला तर दुसरा लागणार नाही." एवढं बोलून ते भिंतीला हात लावत आत गेले.

ती पुन्हा सायकलवर बसली. मांगिजाओंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं. "चूक तुझी आहे, इबेम्मा, पोरी. पण एकोणीस वर्षं मी त्याच्या आमंत्रणाची वाट बघत होतो. ते कोणी चुकून आणलं म्हणून मी परत पाठवू? शिवाय आता दोन्हीकडच्या आळ्यांना कळलंय. जो येणार नाही तो घाबरला." पोलिसांचं नाव तिच्या ओठावर आलं होतं, ते तिने गिळलं. पोलिस आले असते तर संघ तिथेच मेला असता, आणि पोलिस गेल्यावर हे दोघं कुठल्यातरी शेतात चटई घेऊन बसलेच असते. निरीक्षकाला तार करून थांबवावं तर यादी बंद. तिने काही ठरवलंच नाही. ती घरी गेली आणि मासे साफ करत बसली. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात साठ सत्तर माणसं जमली. दिल्लीचे निरीक्षक माथुर लोकरीची टोपी घालून खुर्चीवर बसले होते. ते मासे खात नसत, म्हणून त्यांच्यापुढे केळी आणि चुरमुरे होते. चटईच्या दोन बाजूंना कापडात गुंडाळलेल्या दोन तलवारी बघून ते खूश झाले.

"प्रात्यक्षिक जेवणानंतर ना?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"जेवणानंतर," आमुदोन म्हणाले.

पानं मांडली. भात, मासळीचं कालवण, खारवलेली मासळी घालून कुटलेली भाजी, मिरची, ताज्या पाल्याची कोशिंबीर. दोघं शेजारी बसले आणि पहिला घास मुकाट्याने घेतला. तांफा वाढत होती, लैखोंबी वाढत होती. पहिलं भांडं निम्मं झालं, मग मांगिजाओ म्हणाले, "तू अजून भात मोजून खातोस वाटतं."

"आणि तू अजून तोंड उघडं ठेवून."

"गुरूच्या घरी त्यासाठी तूच मार खाल्लास. मी नाही."

आमुदोन फस्सकन हसले. हसण्याचाही नियम होता म्हणा, पण ते हसणं नियमाचं नव्हतं. मग गुरूचं घर निघालं. भात कांडणाऱ्या बाया एकदा कंटाळून झोपल्या होत्या आणि आतल्या तलवारींचा आवाज थेट शिपायाच्या कानावर गेला होता. तेव्हा या दोघांनी कोंबड्याची झुंज लावल्याचं सोंग केलं होतं, आणि कोंबडा त्यांच्याकडे एकच होता. माथुरना काही कळत नव्हतं, तरी तेही हसले.

"तेव्हा कुठे कागद होता?" मांगिजाओ म्हणाले. "विद्या राहिलीच ना?"

"तेव्हा बंदी होती म्हणून राहिली," आमुदोन म्हणाले. "आता कोणी बंदी घालत नाही. आता कोणी विचारतच नाही. पोरगी म्हणते ते बरोबर आहे. कागद पाहिजे."

चार वर्षांत वडिलांच्या तोंडून हे तिने पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकून करायचं काय? दुसऱ्या भांड्याचा तळ दिसायला लागला होता. तांफाने डोळ्यांनी विचारलं, अजून आहे? लैखोंबीने मान हलवली. उरलेले मासे तिने दोघांच्या पानांत वाढले. बारीक काट्यांचा मासा होता, खायला वेळ लागावा म्हणून तिने मुद्दाम तोच केला होता.

आमुदोनची बोटं पानावर फिरली. माशाच्या तुकड्यावरून घसरून मिरचीवर गेली आणि मिरची त्यांनी तोंडात घातली. ते ठसकले, हसले, पाण्यासाठी हात पुढे केला, आणि हात वाटीच्या दोन बोटं अलीकडेच थांबून चाचपू लागला. मांगिजाओंचा घास हातातच राहिला. त्यांनी हळूच, जराही आवाज न करता, आमुदोनच्या पानावरची कोशिंबीर उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. आमुदोनचा हात जुन्या जागी गेला आणि रिकाम्या पानावर चिमूट मिटली.

मांगिजाओंनी लैखोंबीकडे पाहिलं. तिला त्याच क्षणी सगळं उमगलं. पत्र वाचायला दिलं की "कागद तुझं काम" म्हणायचे ते. भिंतीला हात लावून चालायचे ते. घर पायांना पाठ होतं म्हणून वावरत होते, आणि ती एका छपराखाली राहून शिक्क्यांच्या मागे पळत होती. तिला स्वतःची शरम वाटली. वडील इथे मारायला आले नव्हते. त्यांना समोरचा दिसणारच नव्हता.

मांगिजाओंनी आपल्या पानातला मासा घेतला, एकेक काटा निवडून काढला आणि साफ केलेले तुकडे आमुदोनच्या बोटांखाली सरकवले.

"आज काटे कमी आहेत," आमुदोन खात खात म्हणाले.

"तांफानं निवडलेत," मांगिजाओ म्हणाले.

मग वाढायला काही उरलं नाही. कोणीतरी तांब्या आणला. आमुदोननी हात धुवायला पुढे केले. मांगिजाओंनी केले नाहीत. ते खरकट्या हातानेच उभे राहिले.

"तादा," ते मोठ्याने म्हणाले. थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द त्यांनी एकोणीस वर्षांत उच्चारला नव्हता. "तादा, मला भीती वाटते."

तांफाच्या हातातला डाव खाली पडला. मागच्या रांगेत मांगिजाओंचे शिष्य होते, त्यातल्या एकाने तोंड फिरवलं.

"काय म्हणालास?" आमुदोननी विचारलं.

"भीती वाटते म्हणालो. अजून एकदा सांगू?"

आमुदोनच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. एकोणीस वर्षं तो कुठे दडून बसला होता कोण जाणे. त्यांनी सावकाश हात धुतले, पंच्याला पुसले आणि राजासारखे म्हणाले, "बरं. मग आण गं तो कागद."

लैखोंबीने कागद आणला. मांगिजाओ तिच्या कानाशी झुकले. "शिकवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव असेल ते खोड. नुसता सभासद म्हणून सही करतो. नियम तुला माहीत आहे."

तिला राग आला. तो वडिलांवर होता, यांच्यावर होता आणि नियमावरही होता. खोऱ्यात शिकवू शकणारी दोन माणसं होती. एकाला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं तो त्यापायीच शिकवणं सोडून घरी बसणार होता. हाती उरणार होता तो पोरांना वाटायचा शिक्का. तिने पेन उघडलं आणि दुसऱ्या नावावर टेकवलं.

"शिक्षकांची यादी वाच," आमुदोन म्हणाले. "मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे."

ती थांबली. वडिलांचा चेहरा तिच्याकडे होता, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी गेली होती.

"एक, ओजा आमुदोन," तिने वाचलं.

"आणि?"

"एवढंच, पाबुंग."

ते समाधानाने मान डोलवत राहिले. तिने त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं आणि त्यांनी सही केली. मग तिने पेनला टोपण लावलं, कागद होता तसा मांगिजाओंपुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

मांगिजाओंनी यादी वाचली. दुसऱ्या क्रमांकावर त्यांचं नाव होतं, पुढे ओजा लिहिलेलं, एक रेघही न ओढलेलं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. मग ते आमुदोनकडे बघत राहिले, इतका वेळ की माथुरनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"एका सहीला इतका वेळ?" आमुदोन लोकांकडे तोंड करून हसत म्हणाले. "हात कापत असेल अजून."

"हो तादा," मांगिजाओ म्हणाले, "कापतोय." आणि त्यांनी टोपण काढून सही केली.